काच उभी करताना

आमच्या वर्कशॉपमधून कुठलीही नवी वस्तू पूजेशिवाय बाहेर पडत नसे. सासऱ्यांपासूनची पद्धत. नव्वदच्या दशकात कारभार माझ्या हाती आला, पण त्यात खोडा घालायची माझी काय बिशाद!

त्या वर्षी एका निवृत्त प्राध्यापकांनी लोखंडी चौकट करायला दिली. गडमुडशिंगीच्या एका शेडमध्ये ते दुर्बिणीचा आरसा घासत होते. बैलगाडीच्या चाकाएवढी जाडजूड काच. तपासणीसाठी ती आडवीची उभी करायची, म्हणून चौकटीला कडेनं धरणारे चार जबडे आणि जबड्यांना आतून लोकरीचा मऊ नमदा. काचेला लोखंड लागलं की संपलं, हे सरांनी इतक्यांदा बजावलं की मी वैतागले. काचेऐवजी कडप्प्याची फरशी धरून चाचणी झकास झाली. मग आमच्या मिस्त्रींनी चौकटीवर नारळ फोडला आणि पाणी सढळ हातानं चारी जबड्यांवर शिंपडलं.

शेडमध्ये चेनपुली मी धरली होती. काच टेबलावरून वर उचलली गेली. सर आणि मिस्त्री दोन्ही बाजूंनी ती कलती करू लागले, आणि निम्म्यावर येताच ती जबड्यांत घसरली. केसभरच, पण मला ऐकू आलं. नारळाचं पाणी वाळून नमदा कडक झाला होता, पकडच राहिली नव्हती, हे नंतर कळलं. दुसरी काच घासायला सरांचं वय उरलं नव्हतं, हे मात्र तेव्हाही माहीत होतं.

मिस्त्रींनी काचेखाली दोन्ही हात घातले.

"हात काढा!" सर ओरडले. "पडली तर पडू दे! आधी हात काढा!"

"न्हाय काढत. वैनी, चेन सोडा. दमानं!"

मला मिस्त्रींचा संताप आला होता, त्यांच्या नारळाचा आला होता, देवाचासुद्धा. घामानं निसटणारी चेन मी एकेक कडी सोडत गेले. काच आडवी होत खाली आली. शेवटच्या क्षणी हात बाजूला झाले आणि ती खाली अंथरलेल्या गादीवर टेकली.

सर जमिनीवर बसले. मिस्त्री धापा टाकत म्हणाले, "आमाला हात काढा म्हणत हुतासा. आन् तुमचं कुठं हुतं?"

सरांनी स्वतःचे पंजे उघडून पाहिले. दोन्हींवर काचेच्या कडेचा लालभडक वळ उठला होता.