माकणीच्या धरणावर भर उन्हात धरलेली साडी

माझ्या धाकट्या बहिणीचा, शांतीचा, फोन आला. "आक्का, ह्ये धरणात सोडतेत ते मत्स्यबीज यंदा बी मेलं तर ह्ये वॉचमनकी कराय पुण्याला जाणार. तू ये, समजाव." माझा नवरा गेल्यापास्नं समद्यांची समजूत घालायचं काम माझ्याकडंच. जणू एकटीनं ऱ्हायचं बक्षीस मिळालंय!

भूमहून धाराशिव, तिथनं लोहारा, म्होरं माकणीपातूर टमटम. यष्टीत बायांना तिकीट अर्धं, उकाडा मात्र पुरा. श्रावणात असलं ऊन! शांतीसाठी भूमचा खवा घेतला व्हता, लोहाऱ्यात डबा उघडला तर आंबलेला. तुमी जाणार असाल तर खवा नेऊ नका, पाणी घरचं न्या. लोहाऱ्याच्या स्टँडावर भजी झकास मिळतात, थंड म्हणाल तर काईच न्हाय.

दुसऱ्या दिवशी पहाटं येणारा बीजाचा टेम्पो बंद पडून भर दुपारी आला. हवा भरलेल्या फुगीर पिशव्या, आत बोटाएवढी माशांची पिल्लं. म्या धरणात पाय घातला अन् वरडले, "दाजी, ह्ये तर आंघोळीचं पाणी हाय!"

शांतीचा नवरा आधीच वैतागलेला. "मग काय करू आक्का? ह्यात सोडली तर मरतील, काठावर ठिवली तर पिशवीतच शिजतील."

शेवटी होडीत पिशव्या घालून आमी तिघं मधल्या खोल पाण्यात गेलो. तिथं पिशव्या बंदच तरंगत ठिवायच्या, आतलं-बाहेरचं पाणी सारखं झालं की मग तोंड सोडायचं. पण वरनं ऊन भाजून काढत व्हतं. म्या संगं घेतलेली माझी नवी साडी पाण्यात बुचकळली अन् आमी दोघी बहिणींनी टोकं धरून पिशव्यांवर सावली केली.

"दाजी, बायकूवर कधी अशी सावली धरली व्हती का?"

"तिला कशाला? ती उन्हापरीस तापट हाय."

शांतीनं ओल्या पदराचा फटका हाणला. मग दाजीच बोलाय लागले. "मासेपालनाच्या प्रशिक्षणात सांगितलं आक्का, समुद्र तापलाय. म्हून पाऊस पडला तर एकदम कोसळतो, न्हाय तर तोंड लपवतो. समुद्रातली मासळी बी थंड पाण्याकडं सरकाय लागली म्हणं."

"त्यांना सरकाय जागा तरी हाय. ह्या धरणातल्यांनी कुठं जायचं, लोहाऱ्याला?"

"म्या चाललोय तसं. पुण्याला."

शांतीच्या हातातलं टोक खाली आलं.

"वर धर की!" म्या खेकसले. खरं सांगते, समजवाय आले व्हते अन् साडी धरून बसले. समुद्र तापवला कुणी, अन् हात भरून आले आमचे! म्या तर अजून समुद्र बघितला बी न्हाय.

ऊन कललं तवा दाजींनी पिशव्यांची तोंडं सोडली. काई पिल्लं उलटी तरंगली. बाकीची सुळकन खाली गेली. दाजी वाकून बघतच बसले. मग म्हणले, "जगतेत का न्हाय, ह्ये बघाय तरी थांबाय पायजे."

आता भूमला आलेय. पाऊस अजून गायबच. रोज सकाळी शांतीला फोन लावते.

"दाजी हायेत का?"

"हायेत. आत्ताच पाण्यात हात घालून बघून आले, अन् आल्यापास्नं माझ्यावर खेकसाय लागलेत."

"खेकसू दे की गं! पुण्यास्नं खेकसले असते तर तुला ऐकू तरी आलं असतं का?"