पूर्वेकडे फिरणारा देव्हारा

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक जुना ट्रेलर उभा आहे. गाडीच्या मागे जोडून न्यायचा, आत राहता येईल असा. निवृत्त झाल्यावर शेजारच्या नानांनी तो आणला आणि स्वतः खपून त्यात पलंग, सिंक, पंखा असं सगळं बसवलं. बायकोला, माईंना घेऊन त्यांना देश बघायचाय.

माई म्हणाल्या, "घरचे देव बिनपूजेचे कसे ठेवायचे?" नानांनी ट्रेलरमध्ये देव्हारा केला. मग माई म्हणाल्या, "गाडी वळली की देवांची दिशा बदलणार." नानांनी देव्हाऱ्याखाली बेअरिंग बसवलं. आता मुक्काम कुठेही पडो, एका बोटाने देवांचं तोंड पूर्वेला करता येतं. माईंनी तो फिरवून पाहिला. "छान झालाय," त्या म्हणाल्या. "आणि तुळस?"

आज सकाळी नाना ट्रेलरच्या दाराशी तुळशीच्या कुंडीसाठी लोखंडी कडं बसवत होते. मला "आणि तुळस?" विचारतानाचा माईंचा आवाज आठवला. त्यात हट्ट नव्हता, भीती होती. ज्याला नाही म्हणता येत नाही तो अडचणी सांगतो, आणि ज्याचा त्याच्यावर जीव असतो तो त्या सोडवत बसतो. दोघांपैकी कोणाला काय सांगायचं?

"कुंडी जरा धरतेस का गं?" नाना म्हणाले. "एवढं झालं की निघालोच."

वर गॅलरीत माई उभ्या होत्या. आमची नजरानजर झाली आणि त्या आत गेल्या.

स्क्रू घट्ट बसेपर्यंत मी कुंडी धरून उभी राहिले.