मामांच्या गाडीचा मॅनिफोल्ड

लेखनाचे धाडस करतो आहे, याबद्दल आधीच क्षमा मागतो. नोकरीची सगळी वर्षे मी माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकवले आणि मुलांच्या प्रयोगवह्यांवर लाल शाईने ‘निष्कर्ष स्पष्ट नाही’ असा शेरा मारत आलो. आता पंच्याहत्तरी ओलांडल्यावर जे लिहायला बसलो आहे, त्याचा निष्कर्ष मलाही स्पष्ट नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

बहात्तरच्या दुष्काळाचे ते साल. मी कोल्हारजवळच्या एका शाळेत नुकताच लागलो होतो आणि मामांच्या घरी राहत होतो. मामांची जमीन कालव्याखालची, त्यामुळे ऊस कसाबसा तग धरून होता. त्यांना शौक एकच. आठ सिलिंडरची एक जुनी अमेरिकन गाडी त्यांनी पुण्याहून आणली होती. निळी, लांबलचक, पुढे दोन माणसे आडवी झोपतील एवढे बॉनेट. गाडी प्रवरेचा पूल चढण्याआधीच तिची घरघर गावात पोचत असे आणि त्या आवाजाचा मामांना गाडीपेक्षाही अधिक अभिमान होता.

मामांची एकुलती मुलगी सातव्या वर्षी तापाने गेली, त्याला तेव्हा दोन वर्षे झाली होती. त्यानंतर मामींनी उंबरा ओलांडणे सोडले होते. त्या भाद्रपदात डोळे दाखवायला म्हणून मामांनी त्यांना नगरला नेले आणि काय झाले कोण जाणे, पुढच्या रविवारपासून मामांच्या नगरच्या फेरीला मामी आपणहून गाडीत जाऊन बसू लागल्या. मामांना बरे वाटले. मामी नेहमी मागे, डाव्या खिडकीशी बसत. रस्त्यावर धूळ फार, म्हणून काचा घट्ट वर. उजव्या हाताला मात्र त्या हातभर जागा मोकळी ठेवत.

एका रविवारी त्या जागेच्या पलीकडे मी बसलो होतो. राहुरी मागे पडली तेव्हा माझे डोके जड झाले, कानशिले ठणकू लागली. मग आमच्या दोघांमधली गादी हळूहळू खाली दबताना मला दिसली, एखादे हलके पोर चढून बसावे तशी. मी नजर काढू शकलो नाही. एक हिरवी रिबीन दिसली, तिचे एक टोक सुटलेले.

मामी खिडकीबाहेर पाहत होत्या. तशाच म्हणाल्या, “रिबीन सुटली बघ तिची. बांधतोस का?”

मी तोंडातून शब्दही काढलेला नव्हता. गादी दबल्याचा भास हा थकलेल्या डोळ्यांचा दोष म्हणता येईल. दोन माणसांना एकच रिबीन एकाच टोकाला सुटलेली दिसावी, याला कुठल्याही पाठ्यपुस्तकात उत्तर मला सापडलेले नाही.

खंडेनवमीला मामांनी अवजारांबरोबर गाडीचीही पूजा मांडली. त्यांची रीत अशी, की इंजिन चालू करायचे आणि उदबत्त्यांचा जुडगा आधी बॉनेटमध्ये, मग आतल्या प्रत्येक सीटपाशी फिरवायचा. ते काम माझ्याकडे आले. इंजिनाच्या कडेला, जिथे त्या बाजूच्या चार सिलिंडरांचा धूर एकत्र होऊन बाहेर पडतो त्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, मॅनिफोल्डपाशी, उदबत्तीचा धूर थबकला आणि ठोके पडावेत तसा टुक टुक उडू लागला. मी मागच्या सीटशी गेलो. मामी पाय ठेवत तिथली चटई फाटली होती. तिथे धूर सरळ वर ढकलला जात होता, खालून कोणी श्वास सोडत असल्यासारखा.

मला तत्क्षणी कळले : मॅनिफोल्डला तडा गेला होता आणि त्यातला वायू तळाच्या भोकातून आत येत होता. कार्बन मोनॉक्साइडचा धडा मी त्याच आठवड्यात शिकवला होता. डोके जड होते, भास होतात. रंग नाही, वास नाही, आणि पेट्रोलचा वास तर तेव्हा सगळ्याच गाड्यांना यायचा. मी मान वर केली. मामी अंगणातून माझ्याकडे पाहत होत्या. दोन वर्षांत प्रथमच त्यांनी डोक्यात फुले माळली होती.

“काय रं मास्तर, इंजिनाला धडा शिकवतो का काय?” मामा हसून म्हणाले.

“काही नाही,” मी म्हणालो.

पुढच्या रविवारी मी पुढे, मामांशेजारी बसलो. मागे हात घालून मामींची काच थोडी उतरवली. त्यांनी ती पुन्हा चढवली.

“धूळ येती,” त्या म्हणाल्या.

विळदचा घाट चढताना मी वळून पाहिले. मामी हसत होत्या. गाल गुलाबी, तापलेल्या उन्हातून खेळून आलेल्या मुलीसारखे. डोळे अर्धवट उघडे आणि उजवा हात रिकाम्या जागेभोवती वेढलेला. मी हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. त्या हसतच राहिल्या.

आम्ही त्यांना लिंबाखाली उतरवून निजवले. त्यांचा तो वेढलेला हात काही केल्या सरळ होईना. पुष्कळ वेळाने त्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि पहिले वाक्य उच्चारले ते असे : “दार लावू नका. ती आत हाय अजून.”

मामांनी दाराकडे पाहिले. दार उघडेच होते, आणि एवढा मोठा गडी त्या दाराजवळ जाईना. मी त्यांना मॅनिफोल्ड, तडा, विषारी वायू हे सगळे भरभर सांगितले.

“तुला कधी कळलं हे?” त्यांनी विचारले.

“आत्ताच,” मी म्हणालो.

नगरला डॉक्टरांनी मामींना आठवडाभर विश्रांती सांगितली. पुढे त्यांचे डोळे पुन्हा दाखवायचे होते, त्या दिवशी आम्ही काचा उघड्या ठेवून गेलो आणि गाडी तिथल्याच एका मिस्त्रींकडे नेली. मिस्त्री लष्करी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. त्यांनी गोणपाटावर दोन वस्तू मांडल्या. एक, तशाच दुसऱ्या गाडीचा उतरवलेला बिडाचा मॅनिफोल्ड. दुसरी, त्यांनी स्वतः घडवलेली : चार पोलादी नळ्या, आत कोरडी वाळू ठासून, भट्टीत लाल करून वाकवलेल्या आणि शेवटी एका तोंडात जोडलेल्या.

“मालक, बीड बसवलं तर आवाज हाय तसाच राहील,” मिस्त्री म्हणाले. “पर जुनं बीड हाय, कधी तडकंल सांगता येत न्हाई. आन् तुमचा खालचा पत्रा कुजलाय, एक भोक बुजवलं की दुसरं पडतंय. नळ्या तडकायच्या न्हाईत. आवाज बदलंल.”

“लग्नाच्या बँडसारखा वाजंल का?”

“वाजू द्या की. वरात तर वरात.”

मामा हसले, मग माझ्याकडे वळले. “मास्तर, शिकलेला तू. तूच सांग काय बसवायचं.”

मामी बाकावर बसल्या होत्या. त्यांनी मला जवळ बोलावले. आवाज इतका खाली, की मला वाकावे लागले.

“तुला बी दिसली व्हती ना?”

“हो.”

“मग बीड बसवायला सांग. मी काच उघडी ठेवीन थोडी.”

 मी सरळ झालो, गोणपाटापाशी गेलो आणि नळ्यांना हात लावला.

नळ्या बसल्या. गाडीचा आवाज पातळ आणि धारदार झाला, पुलापलीकडून येताना कोणा परक्याची गाडी वाटे. त्यानंतरच्या रविवारी मामी मागे बसल्या. काचा घट्ट वर. उजवीकडची जागा मोकळी. मी समोरच्या आरशात पाहत होतो. राहुरी गेली, विळदचा घाट आला. तेव्हा त्यांनी त्या जागेवरून एकदा तळहात फिरवला आणि हळूच सरकून स्वतःच तिथे बसल्या.

मामी पुन्हा त्या गाडीत कधीच चढल्या नाहीत. पुढे पुष्कळ वर्षे जगल्या. मला सगळे खंडेनवमीपासूनच ठाऊक होते हे त्यांनी जाणले होते, असे मला वाटते. मामांपाशी मात्र त्यांनी त्याचा उच्चार केला नाही. माझे लग्न झाले, मुले झाली, त्यांनी सगळे प्रेमाने केले. फक्त माझ्याशी बोलताना त्या मला वाकायला लावतील इतक्या खालच्या आवाजात पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

त्या गोणपाटापाशी माझ्या जागी तुम्ही उभे असता, तर हात कशाला लावला असता?