बाबांनी काट्यावर चढवलेली गाडी

मेलबर्नजवळच्या वेरिबीत आमच्या घरासमोर एक उंच, चौकोनी, पांढरी गाडी उभी असते. डाव्या दाराला पोचा आहे, मागे उघडा हौदा आहे आणि आत बसल्यावर बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. शेजारी विचारतात, "ही कुणी निवडली?" उत्तर द्यायला मला फार आवडतं. पण ते उत्तर जसंच्या तसं तोंडातून निघायला माझ्या वयाची सत्तेचाळीस वर्षं जावी लागली, हेही आधीच सांगून टाकते.

माझे वडील ट्रक ड्रायव्हर होते. निफाडचा कांदा अडतीस वर्षं त्यांनी कलकत्त्यापर्यंत आणि त्याही पुढे नेला. माझ्या लग्नाच्या वेळी मामाने बायोडेटा तयार केला आणि त्यात लिहिलं, 'वडील : ट्रान्सपोर्ट व्यवसाय'. नवऱ्याला मी पहिल्याच भेटीत खरं काय ते सांगितलं होतं आणि त्याला काही फरक पडला नव्हता. पण मामाचा तो शब्द माझ्या जिभेवर बसला तो बसलाच. मेलबर्नच्या ऑफिसात, मराठी मित्रमंडळींत, कुणीही विचारलं की मी तोच पुढे करायची. मला लाज वाटायची. बाबांची नाही, लोकांच्या चेहऱ्यांची, अशी मी स्वतःची समजूत घालत असे.

आई गेल्यानंतरच्या वर्षी बाबा पहिल्यांदा आमच्याकडे आले. वय चौऱ्याहत्तर. आठवडाभर घरात बसून त्यांनी भिंतीवरचा ऑस्ट्रेलियाचा नकाशा पाठ केला आणि एक दिवस मधोमध बोट ठेवलं.

"बाई, हे एवढं रिकामं काय आहे?"

"वाळवंट."

"रस्ता जातो?"

"जातो. बराचसा कच्चा."

"मग बघून येऊ की."

त्यांचा व्हिसा संपायच्या आत त्यांना तिथे न्यायचं आणि गाडी मीच चालवायची, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. नवऱ्याला लांब ड्रायव्हिंगचा कंटाळा. त्याने त्याच्या वाटणीचं काम उचललं, म्हणजे एक्सेल उघडलं. पाच गाड्या, एकतीस रकाने. मायलेज, टॉर्क, पाण्यातून जायची खोली, अगदी कपहोल्डरसुद्धा. आम्हा आयटीवाल्यांच्या घरात टोस्टरही असाच येतो.

त्याच रविवारी ग्लेन वेव्हर्लीला मित्रांकडे जेवायला गेलो होतो. यजमानांनी सहज विचारलं, "काका, तुम्ही काय करायचात?" बाबांनी तोंड उघडायच्या आत मीच बोलले, "बाबा ट्रान्सपोर्टमध्ये होते." बाबांनी माझ्याकडे पाहिलं, ताटातली पुरी मोडली आणि म्हणाले, "हो. ट्रान्सपोर्टमध्ये." घरी येईपर्यंत तो 'हो' मला टोचत होता.

एक्सेलमध्ये पहिली आलेली गाडी बघायला आम्ही तिघंही गेलो. काय दिमाख होता तिचा! पुढे जाडजूड लोखंडी बंपर, टपावर कॅरिअर, आतमध्ये फ्रिज, मागे खण, डिझेलची दुसरी टाकी. आधीच्या मालकाने हौसेने सगळं बसवून घेतलेलं. नवरा तर फोटोच काढत सुटला. बाबा मागच्या चाकाशी उकिडवे बसले, मग मोबाईलचा टॉर्च लावून चक्क गाडीखाली गेले. खालून आवाज आला, "बसलीय ही."

"म्हणजे?" मी विचारलं.

"रिकामी असून मागून दबलीय. काटा कर."

ट्रकवाल्यांच्या भाषेत वजनकाट्यावर गाडी चढवणं म्हणजे काटा करणं. मला एकदम शरमल्यासारखं झालं. शोरूममधल्या चकचकीत गाडीला काटा! पण बाबा ऐकेनात. तिथल्या सेल्समनला विचारलं तर तो म्हणाला, "नो वरीज, टेस्ट ड्राइव्हला नेताच आहात." मग हसत विचारलं, "तुझे डॅड मेकॅनिक आहेत का?" आणि मी पुन्हा तेच. "सॉर्ट ऑफ. ट्रान्सपोर्ट." बाबांना इंग्रजी येत नसलं तरी तो एक शब्द चांगला कळायचा. ते बुटाची नाडी बांधत राहिले.

माती-वाळू विकणाऱ्या एका यार्डात काटा होता. गाडी वर चढली. आत आम्ही तिघं, टाक्या भरलेल्या आणि सामानाच्या नावाने माझी पर्स. आकडा आला तीन हजार दोनशे सत्तर किलो. कायद्याने परवानगी तीन हजार तीनशेची. उरले तीस किलो! ऐंशी लिटर पाणी, तंबू, दोन जादा चाकं आणि आमचं मराठी सामान कुठे बसणार होतं? पोहे, तांदूळ, कुकर, लोणच्याच्या बरण्या यांचेच चाळीस किलो झाले असते. नवऱ्याच्या एक्सेलमध्ये वजनाचा रकाना होता, पण तो कंपनीच्या माहितीपत्रकातून भरलेला, वरची हौस धरलेलीच नाही.

"जावईबापू," बाबा शांतपणे म्हणाले, "ही स्वतःलाच उचलून दमलीय. आपल्याला कुठे नेणार?"

नवऱ्याने कान पकडले आणि तिथेच उभ्या उभ्या मोबाईलवरून सगळे रकाने पुसून टाकले. त्यानंतर गाडी निवडली ती बाबांनी. तीन शनिवार ते गाड्यांखाली गेले. इंजिनातलं ऑइल बोटावर चोळून वास घ्यायचे, चेसिसला किल्लीने ठोकून कान लावायचे. शेवटी बॅलारटच्या पलीकडे एका शेतकऱ्याकडे ही पांढरी मिळाली. मागे वजन पेलणारे जाड पाटे, साध्या काचा, फालतू एक वस्तू नाही. काट्यावर आम्हा तिघांसकट उभी केली तरी सातशे किलो हातात उरत होते.

मी खुश होऊन सौदा पक्का करायला हात पुढे करणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांब. आधी चाक काढ."

"आत्ता?"

"चालवणार कोण? तू. मग ज्याला चाक काढता येत नाही त्याने ही गाडी घ्यायची नाही."

मी चिडले. ऑफिसला घालायचा पांढरा शर्ट होता अंगावर. नवरा पुढे सरसावला तर बाबांनी त्याला हातानेच थांबवलं. मी जॅक लावला, पान्यावर उभी राहून नट सैल केले, चाक उतरवलं, दुसरं चढवलं. तीस मिनिटं आणि एक शर्ट गेला. शेतकरी कुंपणाला टेकून बघत होता. बाबांनी एकेक नट स्वतः तपासला आणि म्हणाले, "आता घे." दहावीच्या निकालालाही त्यांनी मला एवढी मोठी शाबासकी दिली नव्हती.

अखेर प्रवास सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी पोर्ट ऑगस्टा गाव मागे टाकून आम्ही उत्तरेला, वाळवंटाकडे निघालो. दुपारी एका रोडहाउसला डिझेल भरायला थांबलो. शेजारी तीन ट्रेलर जोडलेला प्रचंड ट्रक उभा होता. बाबा त्याच्याभोवती चालत चाकं मोजू लागले. त्याचा ड्रायव्हर, लाल दाढीवाला, चहाचा मग घेऊन आला आणि मला म्हणाला, "तुझ्या वडिलांना ट्रक आवडतात वाटतं. काय करायचे ते?"

बाबांना प्रश्न न सांगताच कळला. ते माझ्याकडे वळून हलकेच म्हणाले, "सांग ना. ट्रान्सपोर्टमध्ये होतो."

माझ्यासाठी बोलत होते ते. मला अवघडायला होऊ नये म्हणून.

"ट्रक ड्रायव्हर," मी म्हणाले. जरा मोठ्यानेच. "थर्टी एट इयर्स. माझे वडील ट्रक ड्रायव्हर आहेत."

त्याने हातातला चहा आमच्या बॉनेटवर ठेवला, हात चड्डीला पुसला आणि बाबांपुढे केला. "कधी ट्रक उलटवलास का, मेट?" मी भाषांतर केलं. "नेव्हर," बाबा स्वतःच म्हणाले. मग त्याने त्यांना वर केबिनमध्ये बसवलं. इतक्या उंचावर, स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसलेले माझे वडील मी खालून बघत होते आणि माझा ऊर भरून आला होता. लहानपणी त्यांचा ट्रक गल्लीत शिरायचा तेव्हा यायचा, अगदी तसाच.

खाली उतरल्यावर ते आमच्या गाडीकडे आले, सवयीने चारही टायरांना हात लावून पाहिला आणि दार उघडता उघडता म्हणाले, "तुझा मामा माणूस भला होता. पण तो बायोडेटा मला विचारून लिहायला हवा होता त्याने."

बावीस वर्षांत पहिल्यांदाच ते त्याबद्दल बोलले. मी म्हणाले, "मीही विचारायला हवं होतं, बाबा."

"चल, उजेड आहे तोवर पुढे निघू," ते म्हणाले आणि आत बसल्यावर त्यांनी माझा सीटबेल्ट नीट लागलाय की नाही ते ओढून पाहिलं.