तांबीबाई

नर्सिंगच्या शाळेत तोंडावर सगळ्या त्यांना मॅडम म्हणत, आणि पाठ फिरली की तांबीबाई. हे त्यांना ठाऊक होतं. सव्वीस वर्षं कुटुंबनियोजन आणि बायकांचं आरोग्य हा एकच विषय शिकवून याहून वाईट नाव पडलं नाही, यातच त्या समाधान मानत.

त्यांच्या तासाला कोणी पेंगलं नाही. निरोध लाकडी ठोकळ्यावर चढवून दाखवायची वेळ आली की पहिला बाक फिदीफिदी हसायचा आणि शेवटचा बाक माना लांब करायचा. बाई म्हणायच्या, "काय हसायचंय ते आत्ता हसून घ्या. उद्या समोर बसलेली बाई आधीच लाजेनं अर्धमेली झालेली असेल. तुम्ही हसलात की ती उठून जाईल, आणि परत येईल ती पाचव्या खेपेलाच."

एकदा एकीनं भीत भीत विचारलं, "मॅडम, गर्भपिशवीत बसवलेली तांबी वर चढत चढत काळजात जाते म्हणतात."

बाईंनी तिच्या हातात खडू दिला. "ये, रस्ता काढून दाखव फळ्यावर. गर्भपिशवी इथे, काळीज तिथे. कुठून नेतेस बघू."

मुलगी फळ्यासमोर घुटमळली आणि स्वतःच हसत सुटली. तो प्रश्न त्या वर्गात पुन्हा कोणी विचारला नाही.

एक वाक्य मात्र बाई वहीत लिहून घ्यायच्या आणि खाली दोन रेघा मारायला लावायच्या. पाळी कायमची गेल्यावर रक्ताचा एक ठिपका जरी दिसला, तरी लगेच तपासून घ्यायचं.

स्वतःला ठिपका दिसला तेव्हा त्या चोपन्न वर्षांच्या होत्या. पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांनी कपडा धुतला, दोरीवर टाकला आणि शाळेत गेल्या. उष्णता झाली असेल. जिने फार चढले. परीक्षा होऊ देत, मग बघू. सव्वीस वर्षं बायकांच्या तोंडून ऐकलेल्या सगळ्या सबबी त्यांनी एकेक करून स्वतःला दिल्या, आणि त्यात तीन महिने गेले. घरात "काय गं, चेहरा का उतरलाय?" असं विचारणारं कोणी असतं, तर कदाचित इतके गेले नसते.

पण घरात कोणीच नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक खाट, एक खुर्ची. आईवडिलांच्या आजारपणात लग्नाचं वय निघून गेलं. मागे उरली एक धाकटी बहीण, आणि तिनंही अकरा वर्षांपूर्वी बोलणं टाकलं होतं.

त्याचं असं झालं. तिसऱ्या बाळंतपणात बहीण मरता मरता वाचली. रक्त अंगात नव्हतं, तरी सासूला चौथं हवं होतं. ती बाईंकडे येऊन रडली. बाईंनी तिला स्वतः दवाखान्यात नेलं आणि तांबी बसवून आणली. सहा महिन्यांनी तांबी बसवल्याचा दवाखान्याचा कागद तिच्या नवऱ्याच्या हाती लागला. तो बाईंच्या दारात येऊन जिन्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "स्वतःचा संसार नाही, म्हणून हिचा मोडायला निघालीस!" मागे बहीण खाली मान घालून उभी होती. काही दिवसांनी तिचा एकच फोन आला. "तांबी काढून टाकली. आता मला फोन करू नकोस, ताई." नंतर चौथं मूल झाल्याची बातमी कधी आली नाही. बाईंनीही चौकशी केली नाही.

शेवटी बाई तपासायला गेल्या. गर्भपिशवीचं आतलं अस्तर जाड झालं होतं, तुकडा तपासायला पाठवला. आठवड्यानं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॅन्सरची सुरुवात आहे. पिशवी काढली की बहुतेक भागेल. पण मॅडम, तुम्ही तीन महिने थांबलात?"

बाईंनी पर्समधून पेन काढलं आणि ऑपरेशनची तारीख विचारली.

कागदपत्रं करायला समोर आली ती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, आता वॉर्डची सिस्टर झालेली. तिनं फॉर्म भरता भरता विचारलं, "मॅडम, सोबत कोण आहे?"

"कोणी नाही."

"जवळच्या नातेवाइकाची सही लागते."

बाई बाहेर व्हरांड्यात गेल्या आणि अकरा वर्षांत न लावलेला नंबर लावला. तो त्यांना पाठ होता. बहिणीनंच उचलला. बाईंनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

"मला येता येणार नाही, ताई. घरी काय सांगू?"

"बरं. राहू दे."

"थांब, ठेवू नकोस." बहिणीचा आवाज अगदी बारीक झाला. "तू म्हणाली होतीस, दहा वर्षं चालते. अकरावं सरलं. आता काढायला हवी ना?"

"तू काढली नव्हतीस?"

"नाही. त्यांना काढली म्हणून सांगितलं. तुझ्याकडे येणं चालू राहिलं असतं तर विश्वास बसला नसता कोणाचा. म्हणून तुलाच तोडलं." मागून कोणाची तरी हाक आली आणि फोन बंद झाला.

बाई परत आल्या तेव्हा सिस्टरनं फॉर्म स्वतःकडे ओढला. तिनं स्वतःच सही केली आणि नात्याच्या रकान्यात 'विद्यार्थिनी' लिहिलं. खिडकीतला कारकून म्हणाला, "हे नातं यादीत नाही." "मग घाला," ती म्हणाली, आणि फॉर्म आत सरकवला.

ऑपरेशन नीट झालं. पाच दिवस शेजारच्या खाटेवर डबे यायचे, पोरंबाळं यायची, भांडणंसुद्धा यायची. बाईंकडे सिस्टर येऊन जायची, ड्यूटीच्या वेळात. भेटीची वेळ सुरू झाली की बाई भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून घ्यायच्या, म्हणजे कोणाला कीव करायची संधी नको. घरी आल्यावर पाण्याची बादली उचलायची नाही म्हणून त्यांनी तांब्यातांब्यानं पाणी भरलं. रिपोर्ट चांगला आला. तो त्यांनी खुर्चीत बसून मोठ्यानं वाचला, कारण कोणाला तरी वाचून दाखवावा असा तो होता.

दोन महिन्यांनी एका दुपारी बहीण आली. दात दाखवायला जाते असं सांगून निघाली होती. केस पांढरे झालेले, अंग मात्र भरलेलं. ओठांना रक्ताचा लाल रंग होता. बाईंनी तिला दवाखान्यात नेलं, आत जाऊन तिचा हात धरून उभ्या राहिल्या. जुनी तांबी निघाली. वय आणि तपासण्या बघून डॉक्टरीणबाईंनी नवी बसवली.

"अजून रागावली आहेस?" बाहेर बाकावर बहिणीनं विचारलं.

"नाही गं. पण एकदा कानात सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू भेटायला आली असतीस."

हे खरंच होतं. दोघी अर्धा तास बसल्या. बहिणीच्या थोरलीचं लग्न झालं होतं, मधली शिकत होती. बाईंना त्यांचे आवाजसुद्धा माहीत नव्हते. मग बहिणीनं घड्याळ पाहिलं, पदर सारखा केला. "जमेल तसा फोन करीन," म्हणाली आणि बसच्या दिशेनं गेली. वळताना तिनं मागे पाहिलं नाही. घरून लपून निघताना अंगवळणी पडलेली सवय असावी ती.

बाई पुन्हा शिकवू लागल्या. तांबीच्या तासाला आता त्या एक जास्तीचा प्रश्न लिहून घेतात. बसवून घेणारीला विचारायचं, घरी कळलं तर तुझ्या बाजूनं कोण आहे? "आणि कोणीच नाही म्हणाली तर, मॅडम?" मुली विचारतात. बाई सांगतात, "तर आपला नंबर द्यायचा."

वर्गात फोन आणायला सगळ्यांना मनाई आहे. बाईंचा मात्र टेबलावर असतो, आवाज चालू ठेवून. बहीण भेटून गेल्यापासून चार महिन्यांत तो वाजलेला कोणी ऐकला नाही.