मुंग्यांचं कोणाला सांगितलं नाही

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या विनोदिनीचा हात कसा होता, ते सदर बाजारातल्या कोणत्याही सराफाला विचारावं. सोन्याच्या दोन वाट्या नि काळ्या मण्यांची पुडी तिच्या हवाली केली की सराफ निर्धास्त. इकडच्या बायकांचं मंगळसूत्र वेगळं. आपल्या नागपूर-वर्ध्याकडच्यांना काळी पोतच पाहिजे, आणि ती ओवणारं धड माणूस अख्ख्या बाजारात नाही. विनोदिनी सासूकडून शिकली. सुई नाही, काही नाही; दोऱ्याच्या टोकाला मेण चोळायचं नि मणी बोटांनीच उचलायचे. बावीस वर्षं हेच केलं. रायपुरातल्या कितीतरी मराठी सुनांच्या गळ्यात तिच्या हातची पोत आहे. पोटच्या पोरीची, संपदाची, तेवढी राहिली आहे. तिचं लग्न दिवाळीनंतरचं ठरलेलं.

तर अशा बाईला कॅन्सर झाला, छातीचा. कुणाचं वाईट केलं नाही, तंबाखूला कधी हात लावला नाही, तरी झाला. त्याला काय कारण लागतं थोडंच!

ऑपरेशनच्या आधी केमो, असं ठरलं. पहिल्या चार डोसांनी तिला पार पिळून काढलं. केस गेले, चव गेली, वरणाला फोडणी बसली की ही बाथरूमकडे धावायची. मनाची तयारी करून, डबा बांधून दवाखान्यात जावं, तर रक्त तपासून सिस्टर सांगायची, पांढऱ्या पेशी कमी आहेत, पुढच्या आठवड्यात या. मग तोच डबा घेऊन घरी. मधेच दोन दिवस बरे यायचे. ती उठून मेथी निवडायला बसायची, आणि तिचे यजमान दिवाकरराव, रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून रिटायर झालेले साधे गृहस्थ, लगेच गावभर फोन करत सुटायचे की आता सुधरून राहिली. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा आडवी. फोन घ्यायला मग ते लाजायचे.

पुढे दुसरं औषध सुरू झालं. दर आठवड्याला एक, असे बारा डोस. हे मात्र मानवलं. सोनोग्राफीत गाठ निम्मी झालेली दिसली आणि त्या रात्री विनोदिनी कितीक महिन्यांनी दोन पोळ्या जेवली. तिसऱ्या डोसानंतर तिच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या.

सांगायला काय झालं होतं, बाई? डॉक्टरीणबाई दर वेळी आपणहून विचारायच्या, हाथ-पैर में झुनझुनी तो नहीं? पण मधे कलावती आली. ही भनपुरीची, एका ट्रकवाल्याची बायको. दोघींना एकाच वारी, शेजारशेजारच्या खुर्चीवर सलाईन लागायची. एकदा कलावतीनं विनोदिनीसमोरच सांगितलं की पाय बधिर झाल्यासारखे वाटतात. पुढच्या आठवड्यात तिची खुर्ची रिकामी. सिस्टर म्हणाली, उनकी दवा बंद हो गई. महिनाभरात कलावती गेल्याचं कळलं.

झालं! मुंग्यांचं सांगितलं की औषध बंद, आणि औषध बंद की माणूस खलास, असं विनोदिनीनं मनाशी पक्कं केलं. कोणाला विचारलं नाही, नवऱ्यालाही नाही. हात गेले तर जाऊ दे, पोत दुसरं कोणी ओवेल, आपण मांडवात बसलेलं असलं म्हणजे पुरे. वेडी बाई! मला तिचा राग येतो. पण तिच्या जागी मी असते तर धीर झाला असता का, देव जाणे.

मग लपवालपवी सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं की ही हसून मान हलवायची. मणी चिमटीत येईनात. उचलला असं वाटायचं नि तो सतरंजीवरच पडलेला. सराफांना सांगितलं, डोळ्यांना दिसत नाही. ब्लाउजचे हुक लागेनात तर उन्हाळ्याच्या नावाखाली मॅक्सी घातली. एक दिवस बोट तव्यावर तसंच टेकून राहिलं. संपदा ओरडली, “मम्मी, हाथ जल रहा है आपका!” तेव्हा कुठे हिनं बोट उचललं, आणि म्हणाली की हव, लागलं जरासं.

मे महिन्यात ती एका सराफाचे उरलेले मणी परत द्यायला सदर बाजारात गेली. भर दुपारी. गाड्यांच्या गर्दीत एका पायातली चप्पल निसटली, आणि ही तापलेल्या डांबरावरून तशीच दुकानापर्यंत चालत गेली. दुकानातल्या माणसानं पायाकडे बोट दाखवलं तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी आठवा डोस होता. सिस्टरनं तळव्यावरचा फोड पाहिला आणि डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं.

त्यांनी तिला डोळे मिटायला लावले. कापूस कोणत्या बोटाला लागतो आहे ते सांगायचं. विनोदिनी सांगत गेली, हे, आता हे, आता अंगठा. डोळे उघडले तर कापूस केव्हाचा टेबलावर ठेवलेला होता.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्यानं ती जास्त घाबरली. वेळेवर सांगितलं असतं तर डोस थोडा कमी करून बहुतेक बाराही पूर्ण झाले असते, असं त्या म्हणाल्या. कलावतीचं औषध मुंग्यांमुळे बंद केलं नव्हतं, तिला ते लागूच पडत नव्हतं. आता मात्र याचा एक थेंबही देता येणार नाही, नाहीतर चालणंही जाईल. बोटं परत येतील की नाही, सांगता येत नाही. दुसरं औषध आहे, पण ते असं मानवेल याची खात्री नाही.

विनोदिनी ऐकत होती. मग म्हणाली, “मी तर काहीच बोलली नाही न मॅडम, मग काहून बंद करून राहिल्या?”

डॉक्टरीणबाईंना मराठी येत नव्हती. शेजारी बसलेले दिवाकरराव ते हिंदीत सांगायला लागले आणि अर्ध्यावर सोडून फाईलीतले कागद गोळा करायला लागले.

परत येताना ऑटोत दोघं शेजारीशेजारी बसले. विनोदिनी बाहेर बघत होती. तिला फार एकटं वाटत होतं, अगदी रडू येईल इतकं. तात्यापारा जवळ आला तशी ती हळूच म्हणाली, “इतके जवळ बसले, एक डाव हात तरी धरा न माझा.”

दिवाकररावांनी नजरेनंच खाली दाखवलं. तिनं खाली पाहिलं. तिची बोटं दवाखान्यापासून त्यांच्या मुठीत होती.