दोन पावलं मागं

हिंगोलीतल्या आमच्या ऑपरेशन थिएटरातल्या मदतनीस मामांचा कुठल्याच मशीनवर विश्वास नव्हता. विश्वास होता तो स्वतःच्या जुनाट रेडिओवर. ऑपरेशनच्या वेळी तो कोपऱ्यात हळू आवाजात चालू असे. रक्त थांबवायला डॉक्टरांनी विजेनं डागणारी कॉटरी लावली, की गाणं बुडायचं आणि नुसती खरखर उरायची. "ऐका बाई, हवेत कायतरी फिरून राहिलं," मामा म्हणायचे. मी तिथली सिस्टर, पण त्यांच्या लेखी बाईच.

एकदा कॉटरी चालू असताना रेडिओ कानाशी धरून ते थिएटरभर फिरले. खरखर जरा कमी झाली तिथे फरशीवर पांढरी पट्टी चिकटवली. हाताला काम नसेल त्यानं पट्टीमागं थांबायचं! डॉक्टर खो खो हसले, आम्हीही हसलो. कॉटरीच्या त्या लहरींनी माणसाला काही होतं की नाही, आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी कधी मोजायलाही आलं नाही.

मला दिवस गेले तेव्हा मात्र मी हसले नाही. "आता तुमी दोघं हाव. दोन पावलं मागं," म्हणत मामांनी कॉटरीच्या मशीनजवळची माझी जागा घेतली.

"आणि तुम्ही, मामा?"

"माझं काय व्हायचं राहिलं आता?"

एक हात मशीनच्या बटणावर, दुसऱ्यात पेशंटचा हात. भेदरलेल्या प्रत्येकाला त्यांचं एकच औषध: "मी हाय न."

पुढे त्यांचंच काळीज अडखळायला लागलं. नांदेडला छातीत पेसमेकर बसवला. कॉटरीनं तो बिघडू शकतो, म्हणून डॉक्टरांनी त्यांना थिएटर बंद केलं.

"पट्टीमागं थांबलो तर, साहेब?"

डॉक्टरांनी खाली बघत नकारार्थी मान हलवली. तेव्हापासून मामा पेशंटचा हात दारापर्यंत धरायचे आणि तिथं सोडायचे. सोडतानाचा त्यांचा चेहरा मला बघवत नसे.

गेल्या उन्हाळ्यात मामा साखऱ्याला, आपल्या घरी वारले. अग्नी देण्याआधी पेसमेकर काढावाच लागतो, नाहीतर तो चितेत फुटतो. म्हणून मुलानं त्यांना आमच्याकडे आणलं. "आत घ्या त्यांना," डॉक्टर म्हणाले.

कॉटरी लागणार नव्हती. तरी मी तिचा प्लग काढून ठेवला. मग पट्टी ओलांडून मामांचा गार हात हातात घेतला. "मी हाय न, मामा," म्हटलं, आणि पेसमेकर निघेपर्यंत हात सोडला नाही.